काउंटरवर कोणी बसावं

३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. धुलाई कारखान्यात अजून इस्त्रीवरच. आत्याचा लंबू शेजारच्या टेबलावर. मालकीणबाई आमच्यातल्या एकाला पुढे काउंटरवर घेणार आहेत, आणि लंबूसाहेब आत्ताच कॉलर ताठ करून फिरतात. का, तर त्याला इथल्या लोकांच्या स्पॅनिशमध्ये नुसतं सांगता येत नाही, इच्छाही करता येते. तुम्ही बोलावं, तिने खावं, असलं गोड गोड. बाई त्याच्याशी हसतात. माझ्याशी फक्त कपड्यांचं बोलतात.

जेवताना तो मला शिकवतो. तो बोलतो म्हणजे आब्ला, पण त्याने बोलावं म्हणायचं तर आब्ले. खाण्याचं मात्र कोमेचं कोमा. म्हणजे आ तिथे ए, ए तिथे आ. अशी उलटी भाषा कोण बोलेल? मला बाईंसमोर तोंडघशी पाडायचा डाव आहे. मी आपला सरळच बोलतो. तूही दर पत्रात लंबू लंबू करतेस, ते जरा आवर.

लोभ ठेव, त्याच्यापेक्षा चमचाभर जास्त.

तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

ठणठणीत म्हणे. वाफेने तुला खोकल्याची उबळ येते, हे मला लंबूच्या पत्रातून कळावं? शेजारच्या स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. तो सांगतो ते अक्षरन्‌अक्षर बरोबर आहे. सरळ चालीच्या सगळ्या क्रियापदांचं तसंच होतं. पीळ भाषेत नाही, तुझ्या मनात आहे.

आणि ऐक, त्याने सांगू नको म्हटलंय तरी सांगते. काउंटर तुला द्यावं, असं त्यानेच बाईंना विनवलंय. त्याला वाफ सोसते, तुला सोसत नाही, म्हणून. आता जळायचं सोड आणि औषध घे.

माया आहेच, मोजत बसू नकोस.

तुझी ताई

६ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी काउंटरवर बसायलाही लागलो होतो. वाटलं होतं, आपल्या हुशारीवर मिळालं. मग ते वाचलं. उपकार करण्यातही हाच पुढे. आतून त्याची शीळ ऐकू यायची, म्हणजे गाढव जळतसुद्धा नाही.

शेवटी बाईंपुढे उभा राहिलो. म्हणालो, किएरो के एल त्राबाखे आकी. त्याने इथे काम करावं अशी माझी इच्छा आहे. ए लावला, त्याने शिकवला तसाच. बाईंनी मधला मार्ग काढला. आता एक आठवडा तो, एक आठवडा मी. लंबूने मला सगळ्यांदेखत उचलून फिरवलं, लाज आणली.

निघताना बाई म्हणाल्या, तुझे उच्चार त्याच्याहून स्वच्छ आहेत. हे मी त्याला सांगितलेलं नाही. तू त्याला लिहिशीलच, तेव्हा सहज म्हणून घाल.

खोकला उतरलाय. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा धाकटा