विंचवीण कोणत्या कुलातली?

महाड, ११ नोव्हेंबर १९९७

तीर्थस्वरूप मुरारीराव यांना शरदचा डाव्या हाताने नमस्कार. उजवा सुजला आहे, म्हणून मी सांगतो आहे आणि तुमची बहीण लिहिते आहे. (कंसातलं सगळं माझं. कालिंदी.) तुमचे गुडघे काय म्हणतात? वहिनींचा खोकला थांबला का?

रविवारी आम्ही कुडपणला गेलो होतो. माझा विद्यार्थी शुभम, त्याच्या आईने, बनुबाईंनी, जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधी मी परसातला एक दगड उलटला (पाहुण्याने दुसऱ्याच्या परसातले दगड का उलटावेत?), तर खाली काळी विंचवीण, पाठीवर पांढरी पिल्लं दाटीवाटीने बसलेली. बनुबाई म्हणाल्या, "सर, लेकुरवाळी हाय ती. ऱ्हावंदे तिला." पण मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक; शास्त्रात लेकुरवाळी नावाचं कुल नाही. विंचवाच्या छातीखाली एक बारीक पट्टी असते. ती त्रिकोणी असली तर बहुधा ब्यूथिडी कुल, ज्यात आपला जीवघेणा लाल विंचू येतो. पंचकोनी असली तर स्कॉर्पिऑनिडीसारखं दुसरं एखादं. तेवढं पाहायला तिला काचेच्या बरणीतून घरी आणली. (माझ्या लोणच्याच्या.)

चिमट्याने उलटी करताना छातीआधी नांगी दिसली. अंगठा पेटला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "लाल की काळा?" मी सांगितलं, नुसत्या रंगावरून कुल ठरत नाही. (डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काळा.) तरी एक दिवस ठेवून घेतलं. शेजारच्या खाटेवर वरंधचा एक माणूस होता, लाल विंचू चावलेला. घामाने त्याची चादर भिजली होती आणि बायको त्याचे गार पाय चोळत होती. दोन कुलांची नावं मी फळ्यावर वर्षानुवर्षं एकाखाली एक लिहीत आलो. त्यांच्यात केवढं अंतर आहे ते मला त्या खाटेवरून दिसलं. तो वाचला. दुसऱ्या दिवशी उठून पेज प्यायला.

आपला,
शरद

ता. क. शुभम बरणी घेऊन पुण्याला येतो आहे. तुमच्या कॉलेजात उपकरणं चांगली आहेत. छाती पाहून कुल कळवा. पत्र खरं तर याचसाठी.

आणखी ता. क. दादा, हे आता झोपलेत. बरणी रिकामी येईल. शुभम आधी घरी जाऊन विंचवीण आणि पिल्लं सोडेल. दवाखान्यात यांनी माझा हात घट्ट धरला होता, आणि विचारलं काय, तर "पिल्लं पाठीवरून पडली नाहीत ना?" यांच्याही मनात तिला सोडावं असंच असणार. काल ती काचेवर चढली तेव्हा मी यांच्या भिंगातून पट्टी पाहिली. पाच कोन, नीट मोजले. यांना तसं कळव, पण तू पाहिलंस म्हणून. मी पाहिलं म्हटलं, तर हे खात्री करायला पुन्हा कुडपणला जातील.