उजवीकडचा दगड

प्रिय ठोंब्या,

तू आता मोठा गोलकीपर झालास, पेपरात तुझं नाव छापून येतं, लोक रस्त्यात थांबवून सही मागतात, हे सगळं मला मान्य आहे. पण घरात तू ठोंब्याच. आणि फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील तर सांगते. फोनवर तू 'हो आई, बरं आई, जेवलो आई' एवढ्यात मला गुंडाळून ठेवतोस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. गुरुवारी बाबांना तुमच्या शहरात एका हॉस्पिटलची लिफ्ट दुरुस्त करायला जायचंय, त्यांच्याच हाती हे देतेय. पाकीट मात्र चांगलं चिकटवलंय. त्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, हे तुला आता कळायला हवं होतं. का म्हणते ते पुढे येईलच.

आपल्या संघाचं (हो, माझ्यासाठी तो अजूनही 'आपला'च, तू नाक मुरडू नकोस) काय चाललंय ते तू टीव्हीवर बघतोसच. पण टीव्हीवर दिसतं ते वेगळं आणि स्टँडवर बसून भोगावं लागतं ते वेगळं. शेवटचे तीन संघ खालच्या गटात जाणार आणि आपण त्या तिघांत वरून पहिले, म्हणजे दारात एक पाय आत, एक पाय बाहेर. आता एकच मॅच उरलीय. शनिवारी, आपल्याच मैदानावर. जिंकलो तर वाचलो. बरोबरी झाली तरी गेलो. आणि समोर कोण, तर तुमचा संघ. आणि तुमच्या गोलमध्ये कोण, तर तू. अख्ख्या फुटबॉल लीगमध्ये एवढे संघ आहेत, पण नाही, आमच्या नशिबी दुष्काळात तेरावा महिनाच यायचा होता.

काय वर्ष गेलं रे! पहिले दोन महिने आपण जिंकलोच नाही. तरी आमची स्टँडवरची मंडळी ठाण मांडून बसलेली. गणिताचे सर तर निवृत्त झाल्यापासून दुसरं काही करतच नाहीत. कोण हरलं तर काय, कोण जिंकलं तर काय, याची जर-तरची गणितं मांडतात आणि प्रत्येक पराभवानंतर गंभीरपणे सांगतात की गणिताच्या दृष्टीने अजून आशा आहे. आता आमच्यात तो वाक्प्रचारच झालाय. परवा दुकानात माझ्या हातून चष्म्याचं एक भिंग पडलं, चार तुकडे झाले, तर आमची हिशोब बघणारी मुलगी म्हणाली, काकू, गणिताच्या दृष्टीने अजून आशा आहे. दातांच्या डॉक्टरीणबाई तुला आठवतात ना, तुझी अक्कलदाढ काढली त्या? दिवसभर लोकांना 'आ करा, आ करा' म्हणतात, आणि मैदानावर आल्या की त्यांचाच 'आ' मिटत नाही. आणि आपले सुतारकाका. त्यांनी पहिल्या विजयाच्या दिवशी घातलेला मफलर धुवायचा नाही अशी शपथ घेतलीय. धुतला तर नशीब वाहून जाईल म्हणे. आम्ही नशिबाच्या आड येत नाही, फक्त वारा कुठून येतोय ते बघून बसतो.

मागच्या महिन्यातली मॅच तू बघितलीस का? शेवटचं मिनिट, कॉर्नर, सगळे गोलसमोर गर्दी करून उभे, आणि चेंडू त्यांच्याच बचावपटूच्या ढुंगणाला लागून आत! असला गोल मी जन्मात पाहिला नाही. त्या आनंदात डॉक्टरीणबाईंनी पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी माणसाला अशी काही मिठी मारली की त्याच्या चष्म्याचे दोन भाग झाले. सोमवारी तो बिचारा ते दोन भाग रुमालात बांधून माझ्याकडे हजर. मी फ्रेम जोडली, काडी गरम करून कानामागे नीट वाकवली, नाकावरची नवी गादी बसवली. जाताना त्याने भीतभीत विचारलं, पुढच्या वेळी मी तुमच्यातच बसलो तर चालेल का? आता तो आमच्यातला झालाय. मॅचच्या आधी चष्मा काढून खिशात ठेवतो आणि चेंडू कुठे आहे ते शेजारच्याला विचारत बसतो. सुखी माणूस आहे.

बाबा अजूनही मैदानावर येत नाहीत. म्हणतात, अडकलेली लिफ्ट परवडली, आतून बेल वाजवली की कुणीतरी सोडवायला तरी येतं. पण मॅच सुरू असताना न्हाणीघरातून रेडिओचा आवाज येतो आणि गोल झाला की बादली पडते. हा त्यांचा तटस्थपणा. मागच्या आठवड्यात मी हरून आले, चप्पल न काढताच खुर्चीत बसले, तर समजूत घालायला आले. म्हणे, लिफ्ट खाली गेली म्हणजे ती बिघडली असं नसतं गं, वर येण्यासाठी तिला खाली जावंच लागतं. मी म्हटलं, अहो, तुमची लिफ्ट बटण दाबलं की वर येते, आमच्याकडे वर यायला कधीकधी दहा वर्षं लागतात. तेव्हा कुठे उठले आणि चहा टाकला.

तुला कधी राग येतो का रे, की ज्या संघाने तुला काढलं त्याच्यासाठी तुझी आई घसा फोडून ओरडते? मला तो दिवस चांगला आठवतोय. उंची कमी पडेल म्हणाले. इतकी वर्षं त्यांच्याकडे खेळलेल्या पोराला दोन वाक्यांत निरोप. तू जेवला नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास. मी संघाचा मफलर उचलून माळ्यावर फेकला आणि म्हटलं, मेले खड्ड्यात. मग शनिवार आला, मी मॅचला गेले नाही. मी पाच वाजेपर्यंत घरातलं प्रत्येक भांडं घासलं, घासलेलंही घासलं. आणि तूच खोलीतून बाहेर आलास आणि कुणाकडेही न बघता विचारलंस, काय झालं, जिंकलो का? 'जिंकलो का' म्हणालास, 'जिंकले का' नाही. त्याच संध्याकाळी मी माळ्यावर चढले. आपल्या माणसांवर रागावायचं, चांगलं चार दिवस रागावायचं, पण सोडून जायचं नाही. मला दुसरं काही येतच नाही.

आणि तूही काही हातावर हात ठेवून बसला नाहीस. नव्या संघात दोन वर्षं बाकावर बसून दुसऱ्याचा खेळ बघितलास. आता त्यांच्या मोठ्या गोलकीपरचं बोट मोडलं आणि तुला संधी मिळाली, तर तू काय सुंदर खेळतोयस! दुकानातल्या टीव्हीवर तुझी मॅच लागली की मी गिऱ्हाइकाला तपासणीच्या खुर्चीत बसवते आणि विसरते. एक आजोबा अर्धा तास हनुवटी टेकवून बसून होते. तुमचे प्रशिक्षक शनिवारनंतर ठरवणार आहेत ना, पुढच्या वर्षी तुलाच गोलमध्ये ठेवायचं की बाहेरून कुणी आणायचा ते? हे तू मला सांगितलं नाहीस. पण आईला सगळं कळतं. म्हणजे, बाबांकडून कळतं.

आता आमच्या बैठकीबद्दल ऐक. तुला माहीतच आहे, उत्तरार्धात पाहुण्यांचा गोलकीपर आमच्या स्टँडच्या पुढ्यात उभा असतो आणि त्याची खेचायची सुरुवात नेहमी मी करते. दुकानात ये, चष्मा फुकट देते, ही माझी आरोळी. माझ्या मागून सगळा स्टँड ओरडतो. पण आता पाहुणा म्हणून तूच येणार, तर काय करायचं? रविवारी सगळे आपल्याकडे जमले. सरांचं म्हणणं, या वेळी मी तटस्थ राहावं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळ्यांनीच तोंड मिटून बसावं, आणि हे त्या म्हणाल्या म्हणून सगळे इतके हसले की विषयच बारगळला. शेवटी मीच सांगितलं की जे इतरांना तेच त्याला. सुरुवात मीच करणार. आई आहे म्हणून सूट नाही. घाबरू नकोस, 'ठोंब्या' हे नाव मी कुणाला सांगितलेलं नाही. तेवढी लाज राखीन.

मंगळवारी सुतारकाका दुकानात आले. म्हणे चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय. ढिला कसला, घट्ट होता. तरी मी बारका पेचकस घेऊन बसले. इकडचं तिकडचं बोलले, हवेचं बोलले, गुडघ्याचं बोलले, आणि मग हळूच मुद्द्यावर आले. त्यांचा भाचा आपल्या संघात पेनल्टी मारतो, हे तुला ठाऊकच आहे. शनिवारी पेनल्टी मिळाली तर पोराने कुठल्या बाजूला मारावी, एवढंच त्यांना हवं होतं. बिचाऱ्यांचे कान लाल झाले होते. अख्ख्या स्टँडची आशा घेऊन आले होते रे, माझ्या स्वतःच्या संघाची. आणि गंमत म्हणजे उत्तर मला येत होतं. विचारल्याबरोबर डोळ्यांसमोर आलं. मी चष्मा पुसला, त्यांच्या नाकावर ठेवला आणि म्हटलं, काका, आता नीट दिसेल. ते काय समजायचं ते समजले. उठताना म्हणाले, चुकलंच माझं वहिनी. मी म्हटलं, चुकलं नाही, तुमच्या जागी मी असते तर मीही आले असते, आणि तेही मफलर धुऊन. तेव्हा कुठे हसले.

पण खरं घोडं पेंड खातंय ते दुसरीकडेच. काल संध्याकाळी बाबा चहाला बसले ते नुसते कप फिरवत. मी एकदाच बघितलं त्यांच्याकडे आणि सगळं बाहेर आलं. खांदा दुखतोय असं सांगून तू शनिवारी बाहेर बसणार आहेस म्हणे. खांद्याला काहीही झालेलं नाही. आईसमोर तिचा संघ बुडवायला माझ्याने व्हायचं नाही, असं तू त्यांना म्हणालास आणि आईला सांगू नका म्हणून बजावलंस. ऐकल्यावर एक क्षण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तुझ्या जागी तो तिसरा नवखा गोलकीपर येणार, आमचं काम सोपं होणार. आणि पुढच्याच क्षणी इतका राग आला की कप मी माझ्या हाताने उचलून मोरीत नेऊन ठेवला, बाबांचा चहा अर्धा असताना. दोन वर्षं बाकावर काढून जागा मिळवलीस, ती अशी माझ्या ओटीत टाकणार? आम्हाला भीक नकोय. खाली जायचं असेल तर जाऊ, सर तिकडचीही गणितं मांडतील. आणि राहिलो तर तुझ्यासारख्याला हरवून राहू. खोट्या खांद्यावर वाचलेला संघ घेऊन मी त्या स्टँडवर कशी बसू?

म्हणून हे पत्र. शनिवारी तू खेळायचंस, हे एक. दुसरं, सुतारकाकांना जे मी सांगितलं नाही, ते तुला सांगते. पेनल्टी आली की तू डावीकडे झेपावतोस. मागच्या दोन्ही मॅचमध्ये चेंडू उजवीकडे होता, तू तो बघितलास, डोळे तिकडेच होते तुझे, आणि अंग गेलं डावीकडे. टीव्हीवरचा म्हणाला, अंदाज चुकला. त्याला काय माहीत! आपल्या मागच्या अंगणात, टाकीचा नळ आणि भिंत यांच्यामध्ये तुझा गोल होता. डावीकडे माझ्या टोमॅटोची मऊ माती, तिथे पडलास तर फक्त टोमॅटो जायचे. उजवीकडे धुण्याचा दगड. तू एवढासा होतास आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज ओरडायचे, उजवीकडे पडू नकोस रे, डोकं फुटेल. किती वर्षं ओरडले असेन! तू माझं एवढं एकच ऐकलंस आणि अजून ऐकतोयस. शनिवारी मी तुझ्या मागेच असेन, तुला चष्म्यावरून टोमणे मारत, आमचा गोल व्हावा म्हणून जीव टाकत. त्या गोंगाटात ही हाक काही तुला ऐकू यायची नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते. बाळा, गेल्या महिन्यात बाबांनी तो दगड उखडून टाकला. उजवीकडे आता काही नाही. पड खुशाल.

शनिवारची मॅच सोडून एरवी कायम तुझीच,
आई