दारातला बगळा

३ जानेवारी २००१, बुधवार
शिवणाच्या शॉपमध्ये सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. लाल, जाडजूड, वर सोनेरी बगळा. वेक्सली गाडीच्या बॉनेटवर असतो तोच, पंख पसरलेला. त्यांच्या गाड्यांची सीट कव्हरं आम्ही शिवतो म्हणून वर्षाला काहीतरी मिळतं. मागल्या खेपेला टोपी होती, ती ह्यांनी लाटली. डायरी देणार नाही.
हे म्हणाले, "तू काय लिहिणार?"
सातवी पास आहे, आंधळी नाही. लिहीन काहीतरी.

११ जानेवारी
आठ दिवस झाले, काही लिहिलं नाही. काय लिहायचं? उठले, शिवलं, आले.

२३ ऑगस्ट २००१
वेक्सलीचं नवीन मॉडेल निघालंय. लोकांच्या उड्या. ओव्हरटाइम सक्तीचा. मांडी आखडते पायडल मारून.
आमची सुपरवायझर डोना सांगत होती, तिच्या लहानपणी गावात वेक्सली फक्त डॉक्टर आणि चर्चचा पाद्री ह्यांच्याकडे. दारात बगळा उभा राहिला की शेजारी खिडकीतून बघायचे. मधे मागणी पडली, म्हाताऱ्यांची गाडी म्हणून पोरं हसायची. आता परत दिवस आलेत. "शोबा, वी आर बॅक!" म्हणते आणि पाठीवर थापट्या मारते. बाई दांडगी आहे, लागतं.

१४ ऑक्टो. २००२, सोम.
खंडेनवमी. घरी ह्यांनी पान्हे, स्क्रूड्रायव्हर मांडून पूजा केली. मी शॉपमध्ये माझ्या मशीनला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं. डोना बघून गेली. मग कामाला लागले.

१६ ऑक्टो.
आज तमाशा. प्लांटमधून एक कव्हर परत आलं. फिकट बदामी लेदर आणि पाठीवर लाल अंगठा! माझाच. कुंकवाचा. डोनाला वाटलं रक्त. सगळ्या मशिनी बंद. सेफ्टीवाला आला, चाळीस बायकांची बोटं एकेक करून बघितली. मी पुढं होऊन सांगितलं, रक्त नाही, देवाचं आहे. त्याला कळेना, कुठल्या कॉलमात लिहायचं.
वरचा नापासाचा लाल टॅग बघितला तर खाली सही ह्यांची! हे वेक्सलीच्या प्लांटात इन्स्पेक्टर, बाहेरून आलेला माल तपासतात. आल्यावर विचारलं, "कुंकू ओळखलं नाहीत?"
"बघताक्षणी ओळखलं."
"मग?"
"बायकोचं म्हणून सोडू? गिऱ्हाइकानं डागाची गाडी घ्यायची?"
चौदा वर्षं झाली बगळ्याच्या नोकरीला. इचलकरंजीत मागावर फिटर होते, तिथं कोणी विचारत नव्हतं. इथं परदेशात ह्यांच्या सहीशिवाय सीट आत जात नाही. चढणारच.
भाजीत मीठ टाकलं नाही. मुकाट खाल्ली.

८ मे २००३
आमची स्वतःची वेक्सली आली. गडद निळी. सीटची शिवण हाताखालून घातली, माझीच असावी. निदान वाटली तशी. हे चारदा बाहेर जाऊन बघून आले. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं. लेक पल्लवी ॲन आर्बरहून आली होती, कॉलेजातून. बापलेक बॉनेट उघडून दोन तास डोकं घालून. इंजिनिअर व्हायचं वेड तिला ह्यांनीच लावलं. पाच वर्षांची असताना तिच्या हातात पान्हा द्यायचे.

१८ जाने. २००४, रवि.
संक्रांतीचं हळदीकुंकू. आमच्या नोव्हाय गावातल्या चौदा मराठी बायका. सगळ्या आयटीवाल्यांच्या, सगळ्यांच्या गाड्या जपानी. हे बाहेर बर्फात उभे राहून एकेकीला हात करतायत, "रस्त्यावर लावा, रस्त्यावर लावा." घरापुढचा ड्राइव्हवे दोन गाड्यांचा, अर्धा रिकामा. पुण्याच्या देशपांडेबाई पैठणी वर धरून चिखलातून आल्या. म्हणाल्या, "काकू, काकांचा टोल नाका आहे का?"
मी हसले. लाज वाटली ती वेगळीच.
ह्यांचं म्हणणं, प्लांटातसुद्धा परक्या गाड्या कुंपणाच्या पार पलीकडं लावायला लावतात. जिनं पोटाला दिलं तीच दारात उभी राहणार. म्हटलं, प्लांट आहे का घर?

२ जून २००४
पल्लवीला नोकरी लागली. ॲन आर्बरलाच. जपानी कंपनीत.
फोन स्पीकरवर होता. "बाबा, से समथिंग."
हे म्हणाले, "अभिनंदन." आणि उठून गॅरेजात गेले. ऑफिसातल्या माणसाला म्हणतात तसं. पोरीला.

२२ ऑक्टो. २००४
दसरा. पल्लवी नवीन गाडी घेऊन आली, कंपनीचीच, जपानी, लाल. पूजेला म्हणून मुद्दाम आणली. वळून ड्राइव्हवेत शिरणार तोच हे पुढं जाऊन उभे. हात आडवा.
"बाबा, इट्स मी."
"तू ये. गाडी रस्त्यावर."
तिनं लावली रस्त्यावर. ह्यांनी आमच्या गाडीला हार घातला, स्वस्तिक काढलं, आरती केली. तिच्या गाडीकडं पाठ. मग मीच ताट घेऊन रस्त्यावर गेले. कुंकू लावलं, फूल ठेवलं. पोस्टमन गाडी थांबवून बघत होता. पल्लवी म्हणाली, "आई, राहू दे ना." डोळे भरलेले तिचे.
श्रीखंड कोणी धड खाल्लं नाही.

२३ जाने. २००५
काय लिहू.
काल पल्लवी राहायला आली. बर्फ धो धो. टीव्हीवर सांगत होते, स्नो इमर्जन्सी, रस्त्यावर गाडी ठेवू नका, उचलून नेतील. मी ऐकलं. ह्यांनीपण ऐकलं. पल्लवी माझ्याकडं बघत होती. आणि मी काय म्हणाले? "राहू दे गं, एका रात्रीत काय होतंय."
सकाळी गाडी नाही. उचलून नेलेली.
पल्लवी शांतपणे बूट घालत होती. म्हणाली, "आय एम डन, आई. चोरासारखं लांब लावायचं, चोरासारखं आत यायचं. मी चोर नाहीये." ह्यांना म्हणाली, "बाबा, मी इंजिनिअर तुमच्यामुळे झाले. तुम्हाला हे कळत नाही का?"
हे पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता एवढंच.
टॅक्सी बोलावून गेली.
भांडण नको म्हणून मी गप्प बसले. लोकांना तोंडावर बोलणारी मी, काल नेमकी दातखीळ बसली.

१० एप्रिल २००५
ॲन आर्बरला जाऊन आले. आता महिन्यातून एका रविवारी जायचं ठरवलंय. बगळा घेऊनच जाते, दुसरी गाडी कुठाय. विचारलं, कुठं लावू? म्हणाली, "लाव ना इथेच. माझ्या दारात कुठलीही गाडी चालते."
बोलली ते बरोबर. टोचलं.
डबा भरून दिला, भाकरी आणि झुणका. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "गाडी नीट चालली?" गाडीचं विचारलं.

१९ डिसें. २००५
यंदा डायरी पातळ. कागदी पुठ्ठा, बगळा काळ्या शाईत छापलेला. डोना म्हणाली, सोनं उडालं.

६ जुलै २००६
पेट्रोल महागलं, मोठ्या गाड्या कोणी घेईना. बगळ्याची दुसरी शिफ्ट बंद. आमच्याकडच्या वीस मशिनी ट्रकात भरून मेक्सिकोला. माझी अकरा नंबरची पण. मशीन नेताना बघवत नाही. खाली कुंकवाचा थर धरला होता, पुसायला गेले तर निघेना. तशीच गेली.
डोनाला काढलं. एकतीस वर्षं. खोक्यात कुंडी आणि कॉफीचा मग घेऊन निघाली. म्हणाली, "बघ शोबा, वी आर गॉन."

डिसें. २००६
डायरी नाही दिली. जुन्यातल्या कोऱ्या पानांवर तारीख खोडून लिहितेय. कोण बघतंय.

१४ मार्च २००७
मलाही काढलं. रडूबिडू आलं नाही. पाय दुखायचे थांबतील.
आता बेसमेंटात घरचं मशीन. देशपांडेबाईंचे ब्लाऊज, पडदे. बाया घाई करतात. लेदर बरं होतं, बोलत नव्हतं.

२१ ऑक्टो. २००७
दसरा. हे एकटेच आरती म्हणत होते. बगळ्याच्या एका चाकावर गंज आलाय, त्यावर कुंकू लावलं की दिसत नाही. पल्लवीचा फोन आला. "हॅपी दसरा, आई." फोन ह्यांच्यापुढं धरला. म्हणाले, "हो, सांग तिला." काय सांगू ते नाही सांगितलं.
दोघं एकाच मातीची. मी मधल्यामधे टपाल वाहते. कंटाळा आलाय.

१७ जून २००८
वेक्सली बंद. ब्रँडच बंद करतायत, वर्षअखेर शेवटची गाडी. टीव्हीवर सूटवाला बोलला, चार मिनिटं. जुन्या जाहिराती दाखवल्या, डॉक्टर, पाद्री, गोरीपान बाई दार उघडतेय. हे बघत बसले. टीव्ही बंद केला तरी बघत होते.
म्हटलं, "जेवता?"
"नंतर."

९ ऑक्टो. २००८
दसरा. पूजा केली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. विचारलं तर म्हणाले, "कशाची करू?"

१८ डिसें. २००८, गुरु.
काल शेवटची गाडी निघाली. सगळ्यांनी तिच्या बॉनेटखाली सह्या केल्या. ह्यांनीपण. मराठीत केली म्हणाले, का ते माहीत नाही.
आज घरी. सकाळपासून गॅरेज आवरायला घेतलं. मी चहा द्यायला गेले तर हत्यारांच्या पेटीच्या तळातून काहीतरी काढून मांडीवर घेऊन बसलेले. बदामी लेदर. पाठीवर माझा लाल अंगठा. टॅग तसाच, खाली सही.
म्हटलं, "हे इथं कसं? नापास माल फाडून टाकतात ना?"
"फाडायला दिला होता. मी डब्याच्या पिशवीत घालून आणला. वीस वर्षांत तेवढी एकच चोरी."
"का?"
"नापास केलं म्हणून काय टाकून द्यायचं? तुझ्या हातचं होतं."
तोंडातून निघून गेलं माझ्या, अडवलं नाही मी पण. "मग पोरीची गाडी नापास केलीत, ठीक. पोर का टाकलीत?"
चहावर साय धरली. मीही तिथंच उभी. चार वर्षांपूर्वी बोलायला पाहिजे होतं ते आज बोलले. बरं वाटलं नाही. हलकं पण नाही. नुसतं थकायला झालं.

१९ डिसें., शुक्र.
बर्फ. घोट्याच्या वर. हे दिवसभर गॅरेजात. दार बंद.

२० डिसें., शनि.
सकाळी खरवडल्याचा आवाज. खिडकीतून बघितलं. हे बाहेर, फावडं घेऊन. दर हिवाळ्यात एकाच गाडीपुरता पट्टा काढायचे, दुसरी बाजू बर्फानं भरलेली, मार्चपर्यंत तशीच. आज बगळा डाव्या कडेला सरकवून ठेवलेला आणि उजवी बाजू काढतायत. पार रस्त्यापर्यंत. वय एकसष्ट, कंबर धड नाही. थांबतात, कंबरेला हात, परत सुरू.
मी फोन लावला.
"पल्लवी, उद्या येतेस?"
"बाबांनी सांगितलं?"
"नाही."
"मग?"
"दार साफ केलंय त्यांनी. दोन गाड्यांचं."
मला वाटलं फोन कट झाला.
"आई, खरंच त्यांनी की तू करायला लावलं?"
"मी चहासुद्धा दिलेला नाही अजून."
हसली का रडली कळलं नाही. म्हणाली, "बघते."

२१ डिसें., रवि.
परत बर्फ. कालचं सगळं भरून गेलं. हे बूट चढवतायत.
म्हटलं, "बघते म्हणालीय. येते नाही म्हणाली."
"मी कुणासाठी करत नाही. पाय घसरतो म्हणून काढतोय."
"बरं."
दोन वाजले. रस्त्यावर कोणी नाही. पट्टा काढून झाला, बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकून आत आलेत, मोजे वाळत घालतायत. मी जाऊन बघून आले. आमच्या बाजूला एक खडा नाही. सगळं मीठ तिच्या बाजूला.