तुझी शपथ मोडली, त्याबद्दल

आई,

परवा मी तुझी शपथ मोडली. मुद्दाम मोडली, मुलुंडला ताईच्या घरी, भर दुपारी. चुकून तोंडातून निसटलं असं झालेलं नाही. आधी मनात वाक्यं जुळवली, कागदावर लिहून बघितली, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा तपासलं, आणि मग बोललो. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. तिकडे कोणी कोणाला काही सांगतं का, ते मला माहीत नाही. पण आपल्या नात्यातली माणसं कशी आहेत तुला ठाऊक आहे. तिथे पोचल्यावर पाणी मागायच्या आधी हेच सांगतील.

तो रविवार तुला आठवत असणार. वाकोल्याची खोली, जिला आपण आपली म्हणायचो आणि जी मामाच्या नावावर होती. बाबांची गिरणी मी जन्मायच्या आधीच बंद पडली होती. ते अंधेरीला एका इमारतीत वॉचमन होते आणि रविवारी त्यांची हटकून ड्यूटी असायची. ताई दहावीच्या क्लासला गेली होती. तुझा भाऊ नारळ आणायला खाली गेला होता. तू मोरीत पाटावर बसून कोळंबी सोलते आहेस आणि मी कपाटावरच्या टीव्हीकडे मान वर करून बसलो आहे. रविवारी सकाळी तो हिंदी कार्यक्रम लागायचा. आख्खी चाळ बघायची. दारं उघडी असायची आणि एकच आवाज प्रत्येक खोलीतून यायचा. त्या दिवशी विषय लहान मुलांचा होता. एक डॉक्टर बाई कापडाचा बाहुला घेऊन मुलांमध्ये बसली होती. अंगाला कुठे कोणी हात लावायचा नाही ते तिने बाहुल्यावर दाखवलं. मग म्हणाली की असं करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, घरातलाही असतो, आणि यात मुलाची काही चूक नसते. मी अकरा वर्षांचा होतो. तोपर्यंत मला वाटायचं, हे जगात फक्त मलाच होतं आणि याला नाव नाही. नाव नसलेली गोष्ट सांगायची कशी? आता नाव मिळालं. हिंदीत मिळालं, पण मिळालं.

जाहिराती लागल्या तेव्हा मी तुला म्हणालो, "आई, मामा माझ्याबरोबर तसंच करतो."

तुझी पाठ माझ्याकडे होती. हात थांबले, तेवढंच मला दिसलं. मग तू उठलीस, हात न धुता आलीस, आणि टीव्ही रिमोटने नाही, भिंतीवरच्या बटणाने बंद केलास. माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवलास. "माझी शपथ आसा तुका. ह्या कोणाक बोलाचा नाय. बोललंस तर माझा मेलेला तोंड बघशीत." तुझ्या बोटांना कोळंबीचा वास होता. तू रडत नव्हतीस. रडली असतीस तर मला जरा बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने तो नारळ घेऊन आला आणि त्याने विचारलं, टीव्ही का बंद. तू म्हणालीस, लाइट गेली. शेजारच्या तिन्ही खोल्यांतून टीव्हीचा आवाज येत होता. त्याने नारळ तुझ्यापुढे ठेवला. तू नारळ फोडायला घेतलास. दुपारी आपण कोळंबीचं सार आणि भात जेवलो. तू त्याला पहिलं वाढलंस.

त्यानंतर तू जे केलंस ते मी नाकारत नाही. त्याच रात्रीपासून त्याचं अंथरूण माळ्यावर गेलं आणि तू माझ्या शेजारी झोपायला लागलीस. शाळा सुटली की मला घरी न पाठवता सांताक्रूझच्या पोळीभाजी केंद्रात न्यायला लागलीस, जिथे तू पोळ्या लाटायचीस. मी पिठाच्या गोणीवर बसून अभ्यास करायचो. बाकीच्या बायका तुझी चेष्टा करायच्या, एवढा घोडा झाला तरी पदराला बांधून फिरवते म्हणून. तू हसायचीस. तिथेच तू मला शुद्धलेखन घालायचीस, स्वतः चौथी शिकलेली असूनही. पाकिटावरचे, पोत्यावरचे, दुकानाच्या पाटीवरचे शब्द लिहायला लावायचीस आणि एक वेलांटी चुकली तर पिठाच्या हाताने टपली मारायचीस. नववीनंतर शाळेत माझं काही जमलं नाही, बारावीला तर बसलोच नाही, पण वेलांटी अजून चुकत नाही. ते तुझं आहे. मी कुठे नाही म्हणतो?

पण वर्षभराने तो आपल्याकडून ट्रॉम्बेला एका मित्राच्या घरी राहायला गेला, तेव्हा तू सुटकेचा श्वास सोडलास. मी ऐकला. त्या मित्राच्या घरी कोण कोण होतं, ते तू विचारलंस का, आई? मला माहीत आहे. एक मुलगा होता, माझ्याहून लहान. गणपतीला ते लोक आपल्याकडे यायचे. तो मुलगा येऊन गप्प बसायचा आणि तू त्याला दोन मोदक जास्त द्यायचीस. का द्यायचीस?

रविवारी सकाळी आपला टीव्ही लागेनासा झाला. पोरं बिघडतात, म्हणालीस. पण तुझ्या हातात एकच बटण होतं, शेजारच्यांचा टीव्ही चालूच होता. तो भाग त्यांनी पुन्हा दाखवला तेव्हा मी मधल्या पत्र्याच्या भिंतीला पाठ लावून बसलो आणि पुन्हा सगळा ऐकला. मुलाची काही चूक नसते, हे वाक्य त्या पत्र्यातून आलं. घरातल्या कोणी ते मला सांगितलं नाही. नळावर दोन दिवस बायका तेच बोलत होत्या. एकीने मुलीची शिकवणी बंद केली, एकीने दिराला घरातून काढलं असंही कानावर आलं. मग हळूहळू ठरलं की असं मोठ्या लोकांच्या घरात होतं, त्यांना वेळ असतो. तू त्या बायकांमध्ये हंडा धरून उभी होतीस आणि मान हलवत होतीस.

इथे मुंबईत प्रत्येक वाक्याला लोक आईशप्पथ म्हणतात. दोन प लावून लिहितातही. शब्द शपथ आहे, प एकच. मित्र आईची शपथ घेऊन रस्त्यावर खोटं बोलायचे आणि संध्याकाळी त्यांच्या आया खिडकीतून त्यांना जेवायला हाका मारायच्या. मी तसा नव्हतो. मी तुझी शपथ इतकी पाळली की ती गोष्ट नुसती मनात आली तरी शपथ मोडली असं धरायचं का, या विचाराने मला झोप लागायची नाही. आणि मग तुला कावीळ झाली. महापालिकेच्या दवाखान्यात तू पिवळी पडत गेलीस, आणि मी आठवत बसलो की माझ्या तोंडून कधी, कुठे निसटलं. कुठेच निसटलं नव्हतं. तरी तुझं मेलेलं तोंड मी बघितलं. तेरा वर्षांचा होतो. तुला नेताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता आणि सगळे म्हणत होते, मामा आहे म्हणून पोराला आधार आहे.

तरीही मी गप्प राहिलो. बाबा तुझ्यामागून गेले, त्यांनाही सांगितलं नाही. शपथ मोडली तर तू दुसऱ्यांदा मरशील, असं काहीतरी वाटायचं.

मी आता घाटकोपरला राहतो आणि लोकांच्या घरी टीव्ही भिंतीवर बसवतो. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठेही जातो. लेव्हल लावून सरळ रेघ मारल्याशिवाय भोक पाडत नाही, म्हणून दुकानदार मला चिडवतो, पण तक्रार येत नाही. घराघरांत टीव्ही चालू करून दाखवताना आईवडील म्हणतात, या खोक्याने पोरांची वाट लावली. मी ऐकून घेतो. ज्या घरात त्या खोक्याने माणसाला वाचवलं असतं, त्या घरातला मी आहे.

गेल्या आठवड्यात ताईने नवा टीव्ही घेतला म्हणून मी बसवायला गेलो. तिचा मुलगा दुसरीत आहे. तो मला मामा म्हणतो. त्याने हाक मारली की अजून मी आधी दाराकडे बघतो, मग ओ देतो. स्क्रू पिळताना ताई सांगत होती की आपल्या मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, हल्ली गावी असतो, तिथून येईल आणि महिनाभर तिच्याकडेच राहील. मुलाला शाळेतून आणायचीही सोय होईल, ती म्हणाली. खूश होती गं ती. नवा टीव्ही सुरू केला तर कुठल्याशा वाहिनीवर मुलांसाठीचं कार्टून लागलं, नको असलेल्या स्पर्शाचं. भाचा म्हणाला, हे मला येतं, शाळेत पण दाखवलंय. मोठ्याने नाही म्हणायचं, पळायचं आणि घरच्यांना सांगायचं. ताई हसली. मी स्टुलावरून उतरलो, ड्रिल पिशवीत भरलं आणि घरी आलो. दोन दिवस कागदावर लिहिलं आणि परवा परत गेलो, मुलगा शाळेत असताना.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आई असताना का नाही बोललास रे?"

"आईलाच बोललो होतो."

तिने गॅस बंद केला. ओट्याला टेकली. मग म्हणाली की दहावीच्या वर्षी तू तिला क्लासवरून आल्यावर शेजारच्या काकूंकडे बसवून ठेवायचीस आणि तिला वाटायचं, आई माझ्यावर संशय घेते. त्या दुपारी तिला त्याचा अर्थ लागला. तुझ्यावर चिडली, माझ्यावर चिडली, मग डोळे पुसून कामाला लागली, अगदी तुझ्यासारखी. घरात रंगकाम काढलंय म्हणून मामाला कळवते, म्हणाली, भावजींनाही तेच सांगते, विषय संपला.

मी नाही म्हणालो. रंगकाम काढलं तर तो बोरिवलीला मावशीच्या मुलाकडे, दादाकडे जाईल. दादाच्या दोन मुली आहेत.

"मग काय, गावभर करायचं?"

"गावभर नाही गं. जिथे मूल आहे तिथे."

ती भांडली. लोक मलाच नावं ठेवतील म्हणाली, माझं लग्न जमायचं आहे म्हणाली. सगळं खरं होतं. पण आई, लाइट गेली म्हणून सांगायचं आणि माणूस दुसऱ्याच्या घरी पाठवायचा, हे एकदा झालं आहे. मी तिच्या समोर त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याने उचलला. मी म्हणालो, "मामा, तुम्ही ताईकडे यायचं नाही. बोरिवलीलाही जायचं नाही. मी लहान असताना तुम्ही माझ्याबरोबर जे केलंत, त्यासाठी. दादाला मी आजच सांगणार आहे."

आधी त्याला ऐकू आलं नाही, निदान तो तसं म्हणाला. मी पुन्हा सगळं म्हटलं. मग त्याने उलट मलाच वेडं ठरवलं, म्हणे टीव्ही बघून बघून माझं डोकं फिरलंय. आणि मग म्हणाला, "तुझ्या आवशीन माका शेवटच्या भाऊबीजेक सुद्धा ओवाळल्यान. असा काय असता तर ओवाळल्यान असता?"

ऐकलंस? तुझं ताट, तुझं निरांजन, तू काविळीत बसून लावलेलं ते कुंकू, त्याने पुरावा म्हणून काढलं. मला गप्प करताना तुला वाटलं असेल की तू मला झाकते आहेस. तू त्याला झाकलंस. खोली त्याच्या नावावर होती, बाबांचा पगार तेवढा, कुठे गेली असतीस दोन मुलं घेऊन, हे सगळं मला कळतं. मी खोल्यांची भाडी बघतो, मला चांगलं कळतं. पण कळतं म्हणून मी ते बरोबर म्हणणार नाही. मी त्याला सांगितलं की आईला सगळं माहीत होतं, मी तिला त्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तिने ओवाळलं ते तिचं चुकलं. हे मी तुझ्याबद्दल बोललो, ताईसमोर, मोठ्या आवाजात. तुला वाईट वाटत असेल तर वाटू दे. 

संध्याकाळी दादाला फोन केला. तो म्हणाला, विश्वास बसत नाही, पण मुलींच्या बाबतीत मी विश्वासाची वाट बघणार नाही. भावजींना ताईने स्वतः सांगितलं, रंगकामाचं नाव न काढता. आता मावशी आमच्याशी बोलत नाही. गावाकडून फोन येतात, मी उचलतो आणि तेच सांगतो, प्रत्येकाला सारखं, शब्द न बदलता. डोळ्याचं ऑपरेशन जिल्ह्याच्या दवाखान्यातही होतं. ट्रॉम्बेच्या त्या मुलाचा पत्ता मी शोधतो आहे. त्याला काही विचारायचं नाही, माझं सांगायचं आहे. पोलिसात जायचं की नाही, ते त्यानंतर ठरवीन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकायला जागा असती तरी टाकलं नसतं. तू उत्तरात पुन्हा शपथ घातली असतीस आणि आता ती मी पाळली नसती. एवढंच कबूल करायचं राहिलं आहे. त्याला 'तू' म्हणायचं मी ठरवलं होतं, कागदावरही तसंच लिहिलं होतं. जमलं नाही, तुम्ही-तुम्हीच करत राहिलो. आणि फोन ठेवताना, सवयीने, 'काळजी घ्या' म्हणालो.