होडीतला चौथा गडी

४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.,

तुझं पत्र मिळालं. मी चष्मा शोधेपर्यंत आजोबांनी दोनदा वाचूनसुद्धा काढलं. माझं अक्षर लावून घे बाई. शाळा तिसरीपर्यंत, त्यातलं अर्धं वर्ष गोवराने खाल्लं.

संध्याकाळी निघून सकाळी परतायच्या त्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत तू आजोबांना चौथा गडी म्हणून घेतलंस, तेव्हापासून घरात जीव आलाय. दोन वर्षं खिडकीशी बसून राहिलेला माणूस आता उजाडायला दाढी करून तयार! काल तर शीळ घालत होते. मी आपली उगाच लाजले, मेलं या वयात.

रविवारी तुम्ही चौघांनी इथे झोपेची तालीम केलीत ती आठवून अजून हसते. दोघे जागे, दोघे झोपलेले, दर दोन तासांनी पाळी बदलायची, आणि उठवायला मी, हातात आमटीचा डाव घेऊन. तो तुमचा दातांचा डॉक्टर! लोकांच्या दाढा उपटतो, पण त्याला अंथरुणातून उपटायला दोघं लागले. सुतार तर बसल्या बसल्या घोरतो, पाठ फळीसारखी सरळ. आजोबांचा नियम मात्र कडक. पुढच्या पाळीवाल्याने मनगटावर हात ठेवून ‘घेतलं’ असं म्हटल्याशिवाय सुकाणू सोडायचं नाही. झाडूच्या दांड्यावर डॉक्टरकडून वीसदा घोकून घेतलं.

हल्ली त्यांच्या हातून चहात मीठ पडतं, दार उघडं राहतं. वयच झालं, चालायचंच. पाण्यावर गेले की ताळ्यावर येतील. शनिवारच्या सरावाला लोकरी बंडी घालूनच पाठवते.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी आजी

१३ ऑक्टोबर

ती. आजीस भिंगरीचा सा. न. वि. वि.,

हे पत्र तू एकटीच वाच. शनिवारचं आजोबांनी तुला काही सांगितलं नसणार. मला वाटतं, त्यांना ते आठवतच नाही.

दिवस मावळत आला होता. डॉक्टर खाली झोपला होता, सुतार नुकताच उठून वर येत होता, आणि मी पुढे शिडाची अडकलेली दोरी सोडवत होते. सुकाणू आजोबांकडे. त्यांनी शेजारच्या रिकाम्या फळीकडे वळून म्हटलं की घे रे बाळा, मी जरा पडतो. आणि सुकाणू सोडून सरळ खाली निघून गेले. हाक बाबांना होती, आजी. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

होडी गर्रकन फिरली आणि शिडाचा आडवा दांडा सुताराच्या खांद्यावर बसला. हाड वाचलं. तो म्हणतो, दांडा मीच तासलेला, तक्रार कोणाकडे करू? पण हेच काळोखात झालं असतं तर कोणीतरी पाण्यात गेलं असतं. आजोबांना नेण्याची माझी छाती नाही. त्यांच्या जागी सुताराची बहीण येतेय.

दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत फिरले. ज्यांनी मला पहिली गाठ मारायला शिकवली, त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? तू सांगशील? आणि राग मानू नकोस, पण तुला हे आधी ठाऊक होतं का?

लोभाची आजच जास्त गरज आहे.

तुझी भिंगरी

२१ ऑक्टोबर

चि. भिंगरीस आशीर्वाद. वि. वि.,

ठाऊक होतं गं. वर्ष होऊन गेलं. नळावर मी कागद चिकटवलाय, बंद करा म्हणून. मागे एकदा त्यांनी मलाच विचारलं होतं की बाई, आपण कोणाकडे आलात. मी हसण्यावारी नेलं. तुला सांगितलं असतं तर तू त्यांना घेतलं नसतंस, आणि मला तो दाढी करून शीळ घालणारा माणूस अजून थोडे दिवस हवा होता. सुताराला म्हणावं, तुझी गुन्हेगार म्हातारी आहे, म्हातारा नव्हे.

मंगळवारी सांगितलं त्यांना. चेहरा पडला. बंडी काढली, घडी घातली, आणि म्हणाले की पोरीचं बरोबर आहे. मला वाटलं, सुटले. तर बुधवारी दाढी करून आले आणि विचारतात, शर्यतीला किती दिवस राहिले? पुन्हा सांगितलं. पुन्हा तोच चेहरा. गुरुवारी पुन्हा. अगं, एका माणसाचं काळीज रोज नव्याने मोडायचं, आणि ते मी!

शुक्रवारी जीभच वळेना. म्हटलं, झाली की शर्यत, तुम्ही जाऊन आलात. बराच वेळ ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले. कितवे आलो म्हणून विचारलं. मला मेलीला नंबर काही सुचेना. म्हटलं, सगळे घरी आले. तर म्हणाले, तरीच अंग एवढं दुखतंय. पांघरूण घेऊन पडले ते दुपारपर्यंत गाढ झोपले. त्यानंतर विचारलं नाही.

तू खरीखुरी शर्यत सांभाळून कर. इकडे आलीस की त्यांना काही सांगू नकोस. थकवा गेला का, एवढंच विचार.

माझ्यावर रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझी आजी