पुडीतला समुद्र

स्टाव्हांगर, ११ फेब्रुवारी

बाबा,

म्हणजे माझ्या पैशांना तेलाचा वास येतो! पाठवलेले परत फिरवलेत, वर ताईकडून निरोप, "त्याला सांग, या घरात मासळीचाच पैसा चालतो." आणि बोटीचं इंजिन कशावर चालतं हो? कॉड माशाच्या रश्श्यावर?

तुम्ही फोन आपटता, म्हणून लिहितोय. तब्येत बरी असेलच. राग तुम्हाला मानवतो.

तेलात पडलेला पोरगा समुद्राच्या कामाचा राहत नाही म्हणता. ऐका मग. इथे तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत माझं काम खडकाचे तुकडे भिजवण्याचं. समुद्रतळाखालचा पांढरा खडू तो, जातीनं पाण्याचाच. कोरा तुकडा पाणी घटाघटा पितो. पण कच्च्या तेलात आंबट अंश असतो, तो आतून चिकटून बसतो. मग खडक पाणी घेत नाही आणि तेल सोडत नाही. आंबटपणा काढलेल्या तेलात मात्र तोच खडक एवढा बिघडत नाही. म्हणजे दोष तेलाचा नाही, आंबटपणाचा. तुमच्यापुरतं काय घ्यायचं ते घ्या.

इथले शहाणेही तसलेच. खिडकीतून बंदर दिसतं, आणि हे पिंपात क्षारांच्या पुड्या ओतून समुद्र बनवतात! मी हसलो तर अर्नफिनसाहेब म्हणाला, "खऱ्या समुद्रात घाण असते रे, कोळीदादा." एकदा आपल्या बोटीवर ओकताना बघायचाय मला हा.

तरी एक सांगतो. तेल प्यायलेला तुकडा साध्या पाण्यात तापवला, तर मख्ख. पुडीतल्या समुद्रात तापवला आणि अंगातून तेलाचे थेंब फुटू लागले. साहेब नाचला. पिंपात उरलेलं पाणी मी हळूच चाखलं. आपल्या व्हॅरोयच्या धक्क्यावरची चव नाही. पण जवळपास.

ताई म्हणते, बोट तुम्ही तिच्या नवऱ्याला विकताय. पर्यटकांना गरुड दाखवायला! मासे फेकून पाखरं बोलावणार तुमचा जावई ओड-गेइर, आणि बोटीवर नाव आईचं. त्याला गाठ तरी मारता येते का?

माझा करार एप्रिलअखेर संपतो. वाढवू म्हणालेत. मी हो म्हटलेलं नाही.

तोवर सही करू नका. इंजिन उघडून नीट करून घ्या, जावयाला हात लावू देऊ नका. आणि हे पैसे हवं तर खाऱ्या पाण्यात बुडवा, पण ठेवा.

तुम्ही काहीही म्हणा, तुमचाच,
एइविंद

सोबत इंजिनासाठी, अठ्ठावीस हजार क्रोनर.