पिशवीच्या तळातून पाणी पडेपर्यंत

अहो आशाचे बाबा,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत मी तुमच्या फोटोशीसुद्धा नीट बोलले नाही. दिवा लावायचा आणि पाठ फिरवायची. राग होता मनात. आज सीताफळाचं नवं बी भिजत घातलंय, उद्या ते पिशव्यांत टोकायचंय, आणि या खेपेला मी एकटी. पण तुम्ही मागं सोडून गेलात त्या रोपांचं काय झालं, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय माझा हात पुढं होईना. म्हणून आशा सासरी जाताना ठेवून गेली त्या वहीत लिहायला बसले.

आठवतं का, गेल्या माघात तुम्ही नऊ वाफे पिशव्या मांडल्या होत्या. माती, वाळू, शेणखत, सगळं स्वतः चाळून घेतलं होतं. बी टोकून झाल्यावर वर हिरवी जाळी ताणलीत आणि म्हणालात, "सव्वा महिना लागंल उगवायला. तवर कुणी हात लावू नगं." सव्वा महिना! तुम्ही तर वीस दिवसही थांबला नाहीत. शिरूरच्या बाजारातून येताना छातीत कळ आली आणि जीप दवाखान्याच्या दारात पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. एका सकाळी मी उगीच जाळीखाली गेले, तर पहिल्या वाफ्यात माती भेगाळून हिरवे कोंब वर आलेले. ज्यानं टोकलं त्याला बघायला मिळू नये?

आणि मग भीतीच वाटली. कारण अठरा वर्षं तुम्ही रोपं केलीत, मी पिशव्या भरल्या, खुरपलं, टेम्पोत रोपं चढवली. पण झारीला मला कधी हात लावू दिला नाहीत! "तुझा हात लई वला हाय," म्हणायचात. एखाद्या दिवशी पानं मलूल दिसली तरी तुम्ही खुशाल बाजेवर बसून असायचात. मी विचारायची, "आज पाणी कावून न्हाई घातलं?" त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "कावून कशाला पायजे तुला? तू पिशव्या भर."

सकाळी वाफ्यावरून फिरताना तुम्ही मधूनच एखादी पिशवी उचलायचात, हातात तोलायचात, परत ठेवायचात. मला वाटायचं, माणसाला चाळाच आहे. तोही मी विचारला नाही कधी. विचारून काय मिळणार होतं?

तुमचे धाकटे भाऊ, आपले नामदेव भाऊजी, त्याच आठवड्यात आले. बोअर दोघांच्यात सामाईक, हे तुम्हीच करून ठेवलेलं. ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "वैनी, राग नका मानू. रोपाचं काम तुमाला न्हाई जमायचं. हिकडं माज्या म्हशी चाऱ्यावाचून वरडायल्यात. बोअर आता मी हिरव्या घासाला लावतो."

माझ्या तोंडातून कसं निघालं कोण जाणे. मी म्हणाले, "आखितीपतूर थांबा भाऊजी. तवर रोपं वाढली न्हाईत तर बोअर तुमचं."

"बोलल्या बरं का," ते उठता उठता म्हणाले. "मागून शब्द फिरवायचा न्हाई."

ते गेल्यावर मी दिवस मोजले. महिनाभरावर आखितीचा सण, आणि मला झारी कशी धरायची तेही नीट माहीत नाही!

मग मी पाणी घालायला लागले. रोज. लाईट अकराला यायची, मोटर चालू करायची आणि भर उन्हात नऊच्या नऊ वाफ्यांवर झारी फिरवायची. कुठली पिशवी उपाशी राहू नये म्हणून प्रत्येकीला थोडं थोडं. वरची माती काळी झाली की माझं मन निवायचं. चार पानं आली तेव्हा वाटलं, जमलं! भाऊजींना दाखवूनच देईन.

आणि मग रोपं थांबली. बोटभर उंचीवर जी थांबली ती हलेचनात. आठ दिवस गेले, दहा गेले. पानं पिवळी पडायला लागली. मी दिवसातून दोनदा पाणी घालायला लागले, तरी तेच. दुकानातून पांढरं खत आणून पाण्यात कालवून दिलं, तर पानांच्या कडा करपल्या. भाऊजी रोज म्हशी सोडायच्या आधी जाळीबाहेर येऊन उभे राहायचे. करंगळी वर करून उंची दाखवायचे आणि निघून जायचे. ती करंगळी मला भाकरी थापताना, झोपताना, सारखी दिसायची.

तुमच्यावर काय काय तोंड सोडलं मी त्या दिवसांत! "एवढं येत होतं तर एक शब्द सांगून जायला काय झालं होतं?" मोकळ्या रानात मोठ्यानं बोलायची. जाऊबाई कमलनं एकदा ऐकलं आणि घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

आखितीला पाच दिवस राहिले असतील. दुपारी वाफे शिंपून झाले आणि माझी नजर नवव्या वाफ्यावर गेली. तिथं पाइपाचा सांधा गळतो ना, त्याच्याखालची दहा-बारा रोपं वीतभर झालेली. मी रोज बघत होते आणि नशीबवान आहेत म्हणून सोडून देत होते. त्या दिवशी मात्र डोक्यात काहीतरी लखलखलं. मी विळा आणला. एक खुरटलेल्या रोपाची पिशवी घेतली, एक त्या सांध्याखालची, आणि दोन्ही उभ्या चिरल्या.

अहो, खुरटलेल्या पिशवीत वरची दोन बोटं माती ओली होती. आत्ताच पाणी घातलं होतं की! पण त्याखाली? चुलीतली राख असावी तशी कोरडी ठक्क. आणि मूळ बिचारं थोडं खाली जाऊन, ओल नाही म्हणून तिथूनच वळून वरवर गोल फिरलेलं. दुसऱ्या पिशवीत थेंब थेंब पाणी तळापर्यंत मुरलेलं, आणि मूळ सुतासारखं सरळ खाली उतरलेलं.

म्हणजे महिनाभर मी रोपांना नुसती जिभेला चव दाखवत होते. पोटात काही जातच नव्हतं! आणि ओल वरच असल्यावर मूळ खाली कशाला जाईल?

मग तुमची ती पिशवी तोलायची सवय आठवली. मी पिशव्या उचलून बघायला लागले. सांध्याखालची जड, बाकीच्या कापसासारख्या हलक्या. तुम्ही वजनावरून आतली ओल ओळखत होतात. जड असेल तर मुळाला थोडा दम घेऊ द्यायचात. म्हणून तर पानं मलूल दिसली तरी बाजेवरून उठायचा नाहीत!

एवढंच होतं? एवढंच सांगायचं होतं तुम्हाला? मी तिथंच मातीत बसून ढसाढसा रडले. तुम्ही गेलात तेव्हाही अशी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं. लाईट आली की नुसता हौद भरून ठेवायचा आणि सकाळी ऊन चढायच्या आत झारी धरायची. कोरडी माती आधी पाणी घेतच नाही, कडेनं सोडून देते. म्हणून एकदा हळू घालायचं, पुढं जायचं, मुरलं की परत यायचं, पुन्हा घालायचं. पिशवीच्या तळाच्या भोकातून थेंब पडेपर्यंत. मग पुढचा दिवस पाणी बंद. त्या कोरड्या दिवशी माझा जीव नुसता टांगणीला लागायचा. झारीकडे हात जायचा आणि मी तो पदरात गुंडाळून बसायची.

पण पाच दिवसांत रोप किती वाढणार हो? आखिती उजाडली. पुरणाचा घास तुमच्या नावानं ठेवला, आणि तेवढ्यात भाऊजी खांद्यावर पाइपाचं वेटोळं घेऊन दारात, मागं कमल.

"वैनी, दिवस भरला. रोपं बोटभरच हायेत."

"आधी जाळीखाली चला," मी म्हणाले. त्यांच्या एका हातात हलकी पिशवी दिली, एका हातात जड. मग दोन्ही त्यांच्यासमोर चिरल्या. भाऊजी बराच वेळ मुळांकडे बघत उकिडवे बसले. गडी म्हशी सांभाळतो, पण माती ओळखतो.

"मला पाणी आता रोज नगं," मी म्हणाले. "दिवसाआड हौद भरू द्या. मधल्या दिवशीचं सगळं पाणी तुमच्या घासाला."

"अन् तरी न्हाई वाढली तर?"

"तर मीच तुमच्या घासाकडं पाइप जोडून दीन."

ते उठले. पाइपाचं वेटोळं तिथंच जाळीपाशी टाकलं आणि गेले. कमल मागं राहिली. हळूच म्हणाली, "अक्का, त्यांनी घरी काल सांगितलं व्हतं, वैनी काय ऐकायची न्हाई म्हणून." पहिल्यांदाच हसू आलं मला.

पाच वाफे उठले! कोवळी, तांबूस शेंड्याची पालवी फुटली, आणि मिरगाचा पाऊस लागेपर्यंत रोपं गुडघ्याला टेकायला आली. चार वाफे मात्र उठले नाहीत. हिरवे राहिले, जगले, पण वाढले नाहीत. मुळांनी एकदा वरच वेढे घेतले होते, ते काही सुटले नाहीत.

पुढं तुमचं नाव ऐकून लिंबागणेशकडचे एक शेतकरी आले. वयानं मोठे, टेकडीच्या उताराला बाग करायची म्हणत होते. "किसनदादाची रोपं म्हणून आलोय," म्हणाले. त्यांना नऊच्या नऊ वाफे पाहिजे होते. भाऊजी माझ्या कानाशी लागले, "दिऊन टाका वैनी. हिरवीच तर हायेत. पावसात कुणाला काय कळतंय?"

खरं सांगू? माझंही मन क्षणभर तिकडंच झुकलं. पुढं कधी कळायचं ते कळेल, तोवर कोण विचारतंय! पण त्या माणसानं वाकून एका रोपाच्या पानावरून बोट फिरवलं, असं की जणू नातवाच्या गालावरून. मग मला राहवलं नाही. मी विळा घेतला आणि त्यांच्यासमोरच एक पिशवी चिरली.

"दादा, ही चार वाफ्यांतली नेऊ नका. सुरुवातीला माजं पाणी चुकलं. ही लावली तर चार वर्सं खत-पाणी घालाल अन् झाड कमरंएवढंच राहील."

भाऊजी पाय आपटत निघून गेले. त्या माणसानं चिरलेली पिशवी हातात घेऊन मूळ बघितलं. "असं कुणी सांगत न्हाई, अक्का," एवढंच म्हणाला आणि पाच वाफे घेऊन गेला.

ती चार वाफे रोपं मी स्वतः उपटली आणि खताच्या खड्ड्यात टाकली. जिवंत होती हो! तुम्ही टोकलेल्या बियांची होती. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. चुकलं असेल तर रागवा, पण मला दुसरा मार्ग दिसला नाही.

आता राग थोडा निवलाय माझा. कधी वाटतं, कारण तुम्हालाही शब्दांत ठाऊक नसेल. हाताला कळत होतं, तोंडाला नव्हतं. तरीही तुम्ही सांगायचा प्रयत्न करायला हवा होता. अठरा वर्षांत एकदा तरी ती पिशवी माझ्या हातात द्यायला हवी होती. ही तक्रार राहील माझी, ती काही मी पुसणार नाही.

टेम्पो निघताना त्या शेतकऱ्यांनी मला सांगितलं, "झाडाला फळ धरलं की सांगावा धाडतो. या बघायला." त्याला तीन-चार वर्षं लागतील. मी तुम्हाला शब्द देते, मी जाईन. फळं लगडली तर सगळेच मिरवायला जातात. पण झाडं खुजी राहिली, एकाही फळाचा डोळा भरला नाही, तरी मी जाईन. त्या माणसाच्या बांधावर उभी राहीन आणि म्हणेन, ही रोपं मी वाढवली होती.

तुमची,
शेवंता